बोल्ट फिरतो, परत येतो, पण निघत नाही : लोअर आर्मचा जाम बोल्ट

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. सासऱ्यांची ११ वर्षांची छोटी हॅचबॅक, इतकी वर्षं अलिबागला होती, आता नाशिकला तुमच्याकडे आलीय. खड्ड्यात पुढून टकटक आवाज, डाव्या बाजूचा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) आणि बुश (रबरी सांधा) दोन्ही गेलेत म्हणून अख्खा लोअर आर्मच, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, नवीन आणलाय. बॉल जॉइंट सुटला, मागच्या बुशचा बोल्ट पण सुटला, पण पुढच्या बुशचा आडवा बोल्ट तीन दिवस झाले निघत नाहीये. डब्ल्यूडी-४० चा अर्धा डबा संपवला, पान्याला ३ फुटी पाईप लावून झाला, बोल्ट "थोडा फिरतो आणि सोडला की परत मागे येतो" आणि आता हेडचे कोपरे मरायला लागलेत. गॅरेजवाला म्हणतो गॅस कटरने उडवू, सबफ्रेम, म्हणजे आर्म ज्याला बसतो तो गाडीखालचा लोखंडी सांगाडा, पण बदलावी लागेल. तुमचं विचारणं असं की अजून जोर लावू का सरळ कापून टाकू.

जोर लावणं आजच्या आज थांबवा. बाकीचं सावकाश सांगतो.

मी नाशिकला अंबडच्या बाजूला गॅरेज चालवतो, वीसेक वर्षं झाली, पुढच्या सस्पेन्शनचंच काम जास्त. जाम बोल्टवर लोक नेहमी "किती जोर लावायचा" हेच विचारतात, पण मी पहिला अर्धा तास फक्त बोल्ट नक्की कुठे धरलाय हे शोधण्यात घालवतो. कारण बोल्ट तीन ठिकाणी धरू शकतो, आट्यात, बुशच्या आतल्या नळीत, नाहीतर नुसता हेडखाली, आणि तिन्हीचा इलाज वेगवेगळा आहे, एकाचा इलाज दुसऱ्याला केला की नुकसानच होतं.

आता तुमच्या प्रश्नातलं ते एक वाक्य, "फिरतो आणि परत येतो", त्यातच अर्धं उत्तर आहे. त्या जागेची रचना डोळ्यासमोर आणा. सबफ्रेमला ब्रॅकेटचे दोन कान आहेत, मधे बुश बसलंय. बुश म्हणजे काय, तर बाहेर एक लोखंडी कडं, मधे रबर, आणि आत एक लोखंडी नळी. बोल्ट एका कानातून शिरतो, त्या नळीतून जातो आणि पलीकडच्या कानामागे सबफ्रेमच्या आत वेल्ड केलेला नट असतो त्यात बसतो. बोल्ट आवळला की ती नळी दोन कानांमधे चेपली जाते, ती फिरत नाही, चाक वर-खाली होताना फक्त रबर पिळलं जातं. म्हणजे नळी आणि बोल्ट यांच्यामधे जी केसाएवढी फट राहते तिथे पाणी शिरलं की ते वर्षानुवर्षं तिथेच बसतं. अलिबागची खारी हवा ११ वर्षं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळे तो फटीत फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बोल्टला नळीशी एकजीव करून टाकतो.

आता तुम्ही पाना फिरवता तेव्हा बोल्ट नळीला घेऊन फिरतो, नळी रबराला पिळते, आणि सोडलं की रबर सगळ्याला परत मागे आणतं. याचा दुसरा अर्थ असा की आटे मोकळे आहेत! आटे जाम असते तर बोल्ट एवढा फिरलाच नसता. म्हणजे तीन दिवस तुम्ही नटाच्या बाजूला जे ऑइल मारताय ते जिथे गरजच नाही तिथे जातंय, आणि जिथे गरज आहे त्या नळीची दोन्ही तोंडं कानांनी दाबून बंद केलेली आहेत, तिथे थेंबही शिरत नाहीये.

तरी खात्री करून घ्या, कारण हाताला चकवा बसतो. लांब पाईप असला की बोल्ट स्वतःच थोडा पिळला जातो आणि आपल्याला वाटतं फिरला. हेडवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून खडूने किंवा पांढऱ्या पेंटने एक सरळ रेघ मारा, आणि एक रेघ आर्मच्या बुशवर, नळीच्या काठापासून बाहेरच्या कड्यापर्यंत. मग पाना लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च धरून बघायला सांगा. १२ एमएमचा बोल्ट नुसता पिळला गेला तर हेडवरची रेघ दोन-तीन अंश सरकते, त्याच्यावर गेली आणि बुशवरची रेघ जागचीच राहिली तर तो तुटायच्या वाटेवर आहे. रेघ चांगली वीस-पंचवीस अंश सरकली, बुशवरची रेघ नळीपाशी तुटली आणि सोडल्यावर सगळं जागेवर आलं, तर नळीच धरलीय. रेघ अजिबात सरकली नाही तर आटे किंवा हेड. आणि बोल्ट गोल गोल फिरतच राहिला, मागे येत नाही आणि बाहेरही येत नाही, तर आतला वेल्ड नट सुटलाय, त्याची कथा वेगळी आहे, खाली सांगतो.

पाईपबद्दल दोन शब्द. १२ एमएमचा साधा ८.८ ग्रेडचा बोल्ट आवळायचा असतो साधारण ८० ते ९० न्यूटन मीटरला. तुम्ही ३ फुटी पाईपवर ६० किलो वजन टाकलं की ५०० च्या वर जातं. बोल्ट टिकलाय हेच नशीब. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे वस्ताद म्हणायचे की पाईप लावला की पाना मुका होतो, आणि खरंच आहे, छोट्या पान्यावर हाताला कळतं की बोल्ट "कट्ट" करून सुटला का रबरासारखा नरम लागतोय, पाईपवर काहीच कळत नाही.

आता तुमच्या केसमधे पुढे जोर लावला तर काय होईल ते बघा, कारण इथेच बहुतेकांचा घात होतो. आटे मोकळे आहेत, तुम्ही फिरवत राहिलात, रबर शेवटी फाटलं, आता बोल्ट नळीसकट फिरायला लागला. तुम्ही खूश, निघाला! पण आटे बोल्टला बाहेर ढकलतायत आणि नळी बोल्टला चिकटलेली आहे, ती त्याच्याबरोबर बाहेर यायला बघते, पण समोर ब्रॅकेटचा कान आहे, त्यातलं भोक फक्त बोल्टापुरतं. म्हणजे तुम्ही बोल्ट काढत नाही आहात, तुम्ही दोन कानांच्या मधे जॅक लावलाय. एक तर कान बाहेर वाकतो, नाहीतर आतला वेल्ड नट टाक्यातून उपटतो.

मी हे स्वतः करून बसलोय. निफाडकडच्या एका द्राक्षवाल्याचा छोटा पिकअप होता. फेब्रुवारी, माल काढणीला आलेला, संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजेच. नाशिकची हवा तशी कोरडी, इथल्या गाड्या एवढ्या गंजत नाहीत, पण बागेतल्या गाड्यांचं गणित वेगळं, मागे खताच्या गोण्या, मोरचुदाचे ड्रम, फवारणीचं पाणी सांडतं आणि पत्र्यावरून ओघळून बरोबर क्रॉस मेंबरवर (आर्म बसतो त्या आडव्या पेटीवर) येतं, मोरचूद तर लोखंडाला खातोच. बोल्ट असाच फिरून परत येत होता. घाई होती, मी हवेची गन लावली आणि दाबून धरली. दहा-बारा सेकंद घर्रर्र, मग एकदम आवाज हलका झाला. वाटलं सुटला. बघतो तर हेड भिंगरीसारखं फिरतंय आणि बाहेर एक आटाही येत नाही. नट आत सुटला होता, क्रॉस मेंबरच्या बंद पेटीत, जिथे बोट पण जात नाही. रात्री वेल्डरला बोलावून पेटीला खिडकी पाडली, नट पकडला, बोल्ट काढला, नवीन नट वेल्ड केला, खिडकी परत बंद केली, सकाळचे चार वाजले. त्याचा माल शेजाऱ्याच्या गाडीने गेला आणि वेल्डिंगचे पैसे मी दिले. तेव्हापासून परत येणाऱ्या बोल्टला मी गन लावत नाही.

तर तुम्ही काय करायचं. तुमचं एक फार चांगलं आहे, आर्म नवीन आणलेला आहे, म्हणजे जुना आर्म, जुनं बुश, जुना बोल्ट, तिघांचा जीव गेला तरी चालेल. वाचवायचं फक्त सबफ्रेमला आणि आतल्या नटाला. जुना आर्म वाचवायचा असता, नुसता बॉल जॉइंट बदलायचा असता, तर माझं उत्तर वेगळं असतं.

पहिल्यांदा गाडी नीट उभी करा. नुसत्या जॅकवर कधीच नाही, दोन्ही बाजूला घोड्या (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड नाहीतर लाकडी ठोकळे. तुमच्या गाडीला स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली आहे त्यामुळे लोअर आर्म सुटला म्हणून स्प्रिंग उडत नाही. पण हे वाचून कुणी पिकअप किंवा जीप उघडणार असेल तर थांबा, तिथे आर्मवर स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा ताण असू शकतो, तो आधी उतरवावा लागतो.

मग बोल्ट जिथपर्यंत हलका जातो तिथपर्यंतच उलटा फिरवा, जोर लावून नाही. आता हेडखाली आणि नळीच्या तोंडाशी किंचित फट होईल. तिथे चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, वरून, आणि रात्रभर राहू द्या. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण १९५३ साली ते मुळात पाणी हटवायला आणि गंज धरू नये म्हणून बनवलं होतं, नावातच ते आहे, जुना गंज भेदायला खास पेनिट्रेटिंग ऑइल त्याच्यापेक्षा बरं. आमच्याकडे काही जण अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि अर्धं अॅसिटोन मिसळून वापरतात, चालतं, पण हलवून लगेच घालावं लागतं कारण ते दोन्ही वेगळे होतात, आणि भयंकर पेट घेतं, ते लावून वर गॅसची ज्योत मारू नका. सकाळी बोल्ट आत-बाहेर, आत-बाहेर, पाव-पाव फेरा असा खेळवा, मधेमधे हेडवर हातोड्याचे छोटे ठोके. दहापैकी दोन-तीन बोल्ट एवढ्यावर निघतात. ११ वर्षं खाऱ्या हवेतला निघेल असं मला वाटत नाही, पण पैसे लागत नाहीत तर करून बघायला काय जातंय.

नाही निघाला तर आर्मला बुशपासून वेगळं करा. लोक इथे गॅस लावून रबर जाळतात, मी नाही जाळत, एक तर त्या धुराने जीव गुदमरतो, दुसरं म्हणजे शेजारी ड्राइव्ह शाफ्टचं रबर बूट, ब्रेकची होज, एबीएसची वायर, सगळं हातभर अंतरात असतं. मी ६ किंवा ८ एमएमचं ड्रिल घेतो आणि रबरात नळीच्या कडेने गोल भोकं पाडत जातो, ड्रिल जिथून शिरेल तिथून, मग उरलेलं हॅकसॉच्या ब्लेडने कापतो. ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून हातात धरायचं. अर्धा-पाऊण तास लागतो, कंटाळवाणं काम आहे. पण शेवटी आर्म खाली हातात येतो आणि ब्रॅकेटमधे उरतो फक्त बोल्ट आणि त्याच्यावर ती उघडी नळी.

आता खेळ तुमचा. नळी दिसतेय, पकडता येतेय. ग्राइंडरला १ एमएमची कटिंग डिस्क लावा आणि नळीला लांबीच्या दिशेने एक चीर पाडा, बोल्टापर्यंत जेमतेम, बोल्टात थोडी गेली तरी हरकत नाही. जागा नसेल तर छन्नीने. चिरेत छन्नी ठेवून ठोका, नळी शेंग उघडल्यासारखी उघडते आणि आत लाल-तपकिरी भुकटी झरझर पडते, ती दिसली की समजा काम झालं. मग वाइस ग्रिपने नळी घट्ट धरा आणि बोल्ट फिरवा, आता नळी कानावर रेटली जाणार नाही. चीर पाडूनही नाही उघडली तर मग नळीला गॅस द्या, रबर आता नाहीये, धोका बराच कमी, पण ओलं कापड होजवर टाका, ऑइल पुसून घ्या आणि बाजूला पाण्याची बादली ठेवा. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी मात्र गॅस किंवा वेल्डिंग अजिबात नको, क्लोरीनवाल्या क्लीनरचा तापल्यावर विषारी वायू होतो.

याच्यावरही नाही निघाला तरच कापणं. आणि कापायचं तर गॅस कटरने नाही, ग्राइंडर किंवा करवतीने, नळीच्या दोन्ही टोकांना, कानाच्या आतल्या बाजूने. हेडचा तुकडा असाच पडतो. नटातला तुकडा उरतो, पण आटे मोकळे आहेत हे आपल्याला आधीच माहितीय, त्यामुळे तो ग्रिपने धरून फिरतो. म्हणून कानापासून थोडं लांब कापा, पकडायला ८-१० एमएम बुंधा राहू द्या. गॅस कटरवाला घाईत कानाला आणि नटाला पण वितळवतो आणि मग खरंच सबफ्रेम बदलावी लागते.

हेडचे कोपरे मेलेत म्हणालात. बारा कोनी गोटी (सॉकेट) वापरत असाल तर ती फेकून द्या, सहा कोनी घ्या. तरी सटकत असेल तर एक नंबर लहान गोटी हातोड्याने ठोकून बसवा, १७ च्या हेडवर १६ ची. त्याच्याही पुढे गेलं असेल तर हेडवर मोठा नट वेल्ड करून घ्या, वेल्डिंगची उष्णताही कामाला येते. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि अर्थचा चिमटा बोल्टच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

आता ज्यांची रेघ अजिबात सरकत नाही, म्हणजे आटे धरलेत, त्यांच्यासाठी. तिथे बोल्ट नाही तापवायचा, नट तापवायचा. १२ एमएमचं भोक ३०० डिग्रीने तापलं तर साधारण ०.०४ एमएमने मोठं होतं, ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. बोल्ट पण सोबत तेवढाच तापला तर तो पण तेवढाच फुगतो, मग फायदा शून्य. तापवा, थोडं निवू द्या, मग आट्याच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं, ऑइलपेक्षा छान. दोन-तीन वेळा करा. आणि काढायच्या आधी किंचित आवळायच्या दिशेने हिसका द्या, मग उलटा. हवेची गन इथे चालते, छोट्या छोट्या ठोक्यांत.

सबफ्रेम बदलायची का, याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. तुमचा गॅरेजवाला खोटं बोलतोय असंही मी म्हणणार नाही, किनाऱ्यावरच्या गाड्यांत मी पोखरलेल्या सबफ्रेम बघितल्यात. ब्रॅकेटच्या आजूबाजूला छोट्या हातोडीने ठोकून बघा, चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द वाजतो आणि पापुद्रे पडतात. जाड स्क्रू ड्रायव्हर जोरात टोचा, खड्डा पडला किंवा आरपार गेला तर बदला, वाद घालू नका. नुसता वरवरचा तांबूस थर असेल तर वायर ब्रश, प्रायमर आणि पेंट, बास.

बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या सहा महिन्यांनी कळतात. नटाचे आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा, पण आधी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघा, बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत १२ एमएमला १.२५ चं बारीक पिच असतं, बाजारात सहज मिळणारा १.७५ चा टॅप घातला तर आटे गेलेच. बोल्ट नवाच, हेडवरचा ग्रेड जुन्यावर होता तोच, ८.८ असेल तर ८.८, १०.९ असेल तर १०.९, हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा नको. तो हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. अँटी-सीझ किंवा ग्रीस फक्त मधल्या गुळगुळीत भागाला, नळीत जातो तिथे, पातळ थर. आट्याला लावलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

आणि हा बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना फायनल आवळायचा नाही. हाताला लागेल इतपत ठेवा, चाक लावा, गाडी खाली जमिनीवर घ्या, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मग खाली शिरून मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. आर्म लटकलेला असताना आवळलात तर नळी त्या कोनात चेपली जाते, गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि नवीन बुश वर्षाच्या आत फाटतं. गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. पार्ट ओरिजिनल असतो, आवळणारा चुकलेला असतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा टॉर्क परत बघा.

उजव्या बाजूचा बोल्ट अजून हलवून बघितला नसेल तर बघूच नका, तिथे आवाज नसेल तर नवीन आर्म हातात आल्याशिवाय त्याला पाना लावू नका. आज रात्री रेघा मारून बघा आणि कुठली सरकली ते इथे लिहा, हेडचा आणि सबफ्रेमचा एक-एक फोटो टाकलात तर अजून नेमकं सांगता येईल. तोपर्यंत दोनच बोल्ट काढलेल्या अवस्थेत गाडी कॉलनीत पण फिरवू नका.